‘बस्स’ ऐकू न येणारा वाढपी

आमच्या गावात कोणाच्याही घरी पंगत असली की माझ्या भावाला बोलावणं येतं. जेवायला नाही, वाढायला. देविदासभाऊ बादली घेऊन ओळीत उतरला की पाहुणे आधी हसतात, मग घाबरतात. पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वरण सोडणारा माणूस तो. “बस्स भाऊ, बस्स” म्हटलं की त्याला “अजून एक पळी” असं ऐकू येतं. पंचक्रोशीत त्याचं कौतुक आहे. त्याच्या हातचं जेवून कोणी अर्धपोटी उठला, असं आजवर झालेलं नाही.

माझ्या दोन्ही किडन्यांत असाच एक वाढपी बसलेला आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. तो वाढतो पाणी आणि त्यालाही ‘बस्स’ ऐकू येत नाही.

मी अकोल्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही अशा भागातलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., रसायनशास्त्र. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. शिवाय त्या पदवीचा माझ्या आजारपणात उपयोग किती झाला आणि किती नाही, तेही पुढे येणारच आहे.

नुकताच असा रिपोर्ट हातात पडून ज्यांचे पाय गार पडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. औषधपाण्याचं तुमचे डॉक्टर सांगतील. ते जे सांगत नाहीत, कारण ते त्यांच्यावर आलेलं नसतं, तेवढं मी सांगते.

मशीनवरचे डॉक्टर गप्प झाले

शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी होती. चहा-बिस्किटं होती म्हणून सगळे खुशीत होते. माझं बीपी घेणाऱ्या मुलीने पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. मग म्हणाली, “मॅडम, जिना चढून आल्या काय?” मी म्हटलं, “जिना वर आहे, मी खालीच होते.” तिने दुसरं मशीन आणलं. त्यानेही तेच सांगितलं.

डोकं दुखायचं अधूनमधून. दहावीच्या वर्गावर पाच तास उभं राहिलं की कोणाचं दुखत नाही? मेडिकलमधून गोळी आणायची, चहाबरोबर घ्यायची, पुढचा तास. कंबरही दुखायची. तीही उभं राहून, असं मी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. आमचे मिस्टर एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत, ते सुट्टी टाकून आले. सोनोग्राफीचे डॉक्टर सुरुवातीला चांगले बोलत होते, कोणत्या शाळेत, कोणता विषय. पोटावर ते गार जेल फिरवत उजव्या कुशीला आले आणि गप्प झाले. डाव्या कुशीला गेले, तिथेही गप्प. वर्गात एखादं पोरगं अचानक गप्प झालं की मला लगेच कळतं, काहीतरी सापडलंय. तसंच वाटलं.

“घरात कोणाला किडनीचा त्रास होता का?”

“बाबांना. पण त्यांना खाऱ्या पाण्याने झाला होता,” मी म्हटलं.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. काळे काळे गोल, लहान, मोठे, द्राक्षाच्या घडासारखे. “ह्या पाण्याच्या पिशव्या आहेत,” ते म्हणाले. “दोन्हीकडे. पुष्कळ आहेत. तुम्ही अमरावतीला किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.”

बाहेर आले तर मिस्टर दोन चहा घेऊन उभे होते. मी सांगितलं तसं त्यांनी स्वतःचा चहा घेतला, मग माझाही घेतला आणि रिकामे दोन कप हातात धरून म्हणाले, “गाडीचा रेडिएटर गळतो ते माहीत आहे. हे पाणी साचणं नवीनच आहे.” मला त्या क्षणी त्यांचा राग आला. आता आठवलं की हसू येतं. माणूस घाबरला की आपल्या धंद्याच्या भाषेत बोलतो.

कॅल्शियमचं दुसरं काम

अमरावतीच्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्याहून लहान. रिपोर्ट पाहून म्हणाल्या, “घाबरू नका, गोळी देते, मीठ कमी, पाणी भरपूर, तीन महिन्यांनी या.” मी उठले नाही. म्हटलं, “मॅडम, मी बी.एस्सी. आहे. मला नीट सांगा. हे होतं कशाने?”

त्यांनी पेन खाली ठेवला. माझ्यामागे बाकावर माणसं बसली होती, तरी वेळ काढला त्यांनी. ही पहिली मेहेरबानी, आणि ती विसरण्यासारखी नाही.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. किडनीत लाखो बारीक नळ्या असतात. नळीच्या आतल्या पेशींना एकेक केसासारखं टोक असतं. नळीतून पाणी वाहतं तसं ते टोक वाकतं, ओढ्यात लव्हाळं वाकावं तसं. ते वाकलं की पेशीचं दार उघडतं आणि थोडं कॅल्शियम आत शिरतं. हे कॅल्शियम तिथे हाडं बांधायला जात नाही. ते निरोप घेऊन जातं. निरोप एवढाच, की नळी आता बरोबर आहे, वाढू नका, पाणी सोडू नका, पुरे.

“तुमच्यात ते दारच जन्मतः नीट बनलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “निरोप पोचत नाही. मग पेशी वाढत राहतात, पाणी सोडत राहतात. नळीला फुगा येतो. सगळं कोडं अजून कोणालाच उलगडलेलं नाही, पण साधारण असं.”

मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले : ‘कॅल्शियम – हाडे व दात यांच्या मजबुतीसाठी.’ एक गुणाचा प्रश्न. त्याच कॅल्शियमला निरोप्याचीही नोकरी आहे हे मला माझीच किडनी बिघडल्यावर कळलं.

परतताना बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत बसलो होतो. मिस्टर म्हणाले, “म्हणजे नेमकं काय, मला समजेल असं सांग.” माझ्या तोंडून निघून गेलं, “देविदासभाऊ.”

“काय देविदासभाऊ?”

“बादली घेऊन फिरून राहिला माझ्या किडनीत. आणि बस्स म्हणणारं कोणी नाही.”

ते मोठ्याने हसले. बाकावरची बाई वळून पाहायला लागली. रिपोर्ट आल्यापासून आम्ही दोघं पहिल्यांदा हसत होतो.

खानदानी

मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. हा आजार रक्तातून येतो. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक लेकराला यायचा संभव अर्धा-अर्धा. नाणं उडवावं तसा. म्हणून भावाची सोनोग्राफी झालीच पाहिजे. लवकर कळलं आणि बीपी ताब्यात ठेवलं तर किडनी कितीतरी वर्षं साथ देते. बाबांचं कळलं तेव्हा काहीच उरलं नव्हतं. पन्नाशीही धड पाहिली नाही त्यांनी.

माझी मुलगी बारावीला आहे. तिचं बीपी बघितलं, ते चांगलं आहे. पुढची तपासणी तिने ठरवायची, सज्ञान झाल्यावर. “आई, मी घाबरत नाही, पण मला आत्ता नको,” ती म्हणाली, आणि आम्ही तिचं ऐकलं. भाऊ मात्र पंचेचाळिशी ओलांडलेला, सारखं डोकं धरून बसणारा. त्याला थांबून चालणार नव्हतं.

मी गावी गेले. भाऊ अंगणात सायकलचं पंक्चर काढत होता. सगळं ऐकून घेतलं. टायर पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत म्हणाला,

“बाबा खाऱ्या पाण्यानं गेले. साऱ्या गावाले मालूम हाय.”

“भाऊ, डॉक्टर म्हणतात खानदानी आहे.”

“खानदानी?” त्याने टायर बाहेर काढला. “पाह्य वंदे, आपल्या घरी खानदानी काहीच नव्हतं. ना वावर, ना वाडा, ना सोनं. आजानं फक्त सहीचा आंगठा देला बाबाले. आता तू शिकून आली अन् एक खानदानी चीज काढली, ते बी हे?”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

“नुसतं मशीन फिरवतात पोटावर. दुखत नाही.”

“मशीन दुखत नाई, समजते मले. लोकायचं तोंड दुखते. माही पोट्टी लग्नाची हाय. उद्या सोयऱ्याईत बोंब झाली, की यायच्या खानदानात किडनी हाय, मंग?”

“सगळ्यांच्याच खानदानात किडनी असते, भाऊ.”

“मास्तरीण झाली म्हून सारंच हसण्यावारी नेऊ नको. नळाचं पाणी आलं गावात, आता काई होत नाई कोणाले.”

माझी माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. सुपातले खडे तिने नेहमीपेक्षा लांब फेकले, एवढं मला दिसलं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

पुढचे सहा महिने मी फोन करायचे, तो विषय बदलायचा. “कापूस कसा आहे?” मी विचारायच्या आतच तो कापसाचं सांगायला लागायचा. भाऊबिजेला ओवाळताना म्हटलं, यंदा ओवाळणीत सोनोग्राफी टाक. त्याने साडी टाकली. सुरेख होती. मी आठवडाभर नेसले नाही.

दवाखान्यातले दिवस

मग मला ताप भरला. हुडहुडी अशी की पलंग वाजावा. एका पिशवीत इन्फेक्शन झालं होतं. अमरावतीला भरती केलं.

दवाखान्याचं एक बरं असतं, तुमच्या हातात काही नसतं. सकाळी झाडू मारणारी ताई सगळ्यांना उठवायची, “चला बायांनो, पाय वर.” मग थर्मामीटर, मग सलाइन, मग बीपी. लघवी मोजायच्या भांड्यात धरायची आणि आकडा सिस्टरला सांगायचा. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मी दारातूनच ओरडून आकडा सांगत होते, जसा वर्गात पट सांगते. लाज किती लवकर सुटते, हे तिथे समजतं. सुटली की फार मोकळं वाटतं.

भीती मात्र सुटत नाही. ती दुपारी यायची, सगळे झोपले की. पंख्याकडे बघत मी बाबांचा शेवटचा काळ मोजून मापून माझ्यावर बसवून पाहायचे. त्यांचे सुजलेले पाय आठवायचे. चप्पल होत नव्हती म्हणून अनवाणी बसायचे दारात. मी चादर सरकवून माझे पाय बघायचे. ठीक असायचे. पुन्हा झाकायचे. असं कितीदा तरी.

शेजारच्या पलंगावर चांदूर रेल्वेच्या एक आजी होत्या, मुतखड्याच्या. त्यांनी एकदा मला पकडलं. “काय पाह्यतं वो बाई घडीघडी पायाकडं? कुठं पळून जातात काय ते?” त्या दिवसापासून त्या रोज सकाळी विचारायच्या, “हायेत का पाय?” मी म्हणायचे, “आहेत जी.” “मंग चहा घे.” भीतीवर एवढं गुणकारी औषध मला दुसरं मिळालं नाही.

मायला मी नको म्हणत असताना ती सोबत राहिली. एक दिवस राउंडला मॅडम आल्या, तिने त्यांनाच धरलं. “जी मॅडम, इले झालं काय, मले एकडाव सांगा.” मॅडम घाईत होत्या, तरी थांबल्या. त्यांनी बिचारीला सोपं करून सांगितलं, “आजी, तिच्या किडनीत कॅल्शियम नीट पोचत नाही, त्यामुळे पाणी साचतं.”

माय मान हलवत राहिली. तिला समजलं होतं. फार चांगलं समजलं होतं.

गव्हाच्या दाण्याएवढा

सुट्टी झाल्यावर पंधरवडाभर माहेरी ठेवली मला मायने, आणि नंतरही अकोल्याला सोबत आली. खाणं एकदम नेमाचं. बिनमिठाची भाजी, लोणचं बंद, ठेचा तर नावालाही नाही. रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ ताकाचा पेला. मी म्हणायचे “बस्स माय,” ती म्हणायची “पे वो, आंगी लागते.” आग्रह आमच्या घराण्यात वरून खाली आलेला आहे. भावाला तो मायकडून मिळाला.

पण माझं बरं वाटणं लांबतच गेलं. तोंडाला कोरड, पोट साफ नाही, मळमळ, डोकं जड. वर्गात पाढे विसरल्यासारखं व्हायचं. मला वाटलं झालं, किडनी चालली. मिस्टर डेपोतून दुपारी घरी चक्कर मारून जायला लागले. काही विसरलं म्हणायचे. रोज काय विसरणार माणूस?

तपासणीला अमरावतीला गेलो. मायला तिथूनच गावी परत न्यायचं म्हणून भाऊही आला होता. मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, पुन्हा पाहिला.

“वंदनाताई, कॅल्शियमच्या गोळ्या घेता का?”

“नाही.”

“कोणी टॉनिक, काढा, काही दिलं?”

“नाही मॅडम. मी असलं काही घेत नाही. मी सायन्सची आहे.”

“रक्तात कॅल्शियम बरंच वाढलंय. कुठून तरी जातंय हे.”

मागच्या खुर्चीतून माय बोलली. आवाजात जरा अभिमानच होता. “गोळी नाई जी. चुना देतो म्या.”

मॅडमनी रिपोर्ट खाली ठेवला.

“ताकात,” माय म्हणाली. “तुमीच तं म्हणे, कॅल्शियम पोचत नाई. आमच्याकडं सारे देतात, गव्हाच्या दाण्याएवढा. पहिले म्या दाण्याएवढाच दे. मंग म्हटलं, पोचून नाई राहिला, तं उलीसा वाढवू. आता हरबऱ्याएवढा देतो. तीन टाइम.”

मॅडमनी चष्मा काढला, कपाळ दाबलं, आणि आधी त्यांचे खांदे हलले. मग मिस्टर, मग मी. मळमळत असतानाही मी हसत सुटले. बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि महिनाभर चुन्याचं ताक गटागटा पीत होते. ताक तुरट का लागतं म्हणून एकदाही विचारलं नाही. आईच्या हातचं होतं ना.

भाऊ एकटा हसला नाही. तो मायकडे बघत होता.

मॅडम सावरल्या आणि मायचा हात धरून त्यांनी नीट सांगितलं. कॅल्शियम अंगात कमी नाही. निरोप्या भरपूर आहेत, दार खराब आहे. बाहेर कितीही निरोपे उभे केले तरी दार उघडत नाही, उलट बाहेर गर्दी होते आणि त्रास होतो. चुना बंद. दोन दिवस भरती, सलाइन, की उतरेल.

वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. तुमच्या घरातही कोणीतरी मायेने ताकात, वरणात, दुधात काही कालवत असेल. विचारा. रागावून नाही, पण विचाराच. आणि डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी आणणं मी बंद केलं, कारण त्या गोळ्या किडनीला जड जातात; तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

मायचं पाणी

“म्हंजे जी,” माय उठता उठता थांबली. “इच्या बापालेही हेच होतं?”

“बहुतेक हेच. हिला त्यांच्याकडूनच आलेलं दिसतं.”

“पाण्यानं नाई गेला तो?”

“खाऱ्या पाण्याने त्रास वाढतही असेल. पण हा आजार पाण्यातून आलेला नव्हता, आजी. जन्मतःच होता त्यांच्यात.”

माय परत खुर्चीत बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग कोणाकडेही न बघता बोलली.

“सासू म्हणे, तुया हातचं पाणी पेऊन गेला. दुसऱ्या बाया पल्याडच्या गावाच्या विहिरीवरून गोडं पाणी आणत. लांब होती विहीर. देविदास पोटात होता, मंग वंदी झाली. म्या जवळच्याच विहिरीतलं आणो. खारं. तो काई म्हणे नाई, पेत राहे. मले वाटे, म्याच पाजलं त्याले.”

तीस वर्षांत हे वाक्य तिने आमच्यासमोर काढलं नव्हतं. गावाने ‘खाऱ्या पाण्याने गेला’ म्हटलं की आम्हाला विहीर दिसायची. तिला स्वतःची घागर दिसायची.

मी काही बोलणार, तर भाऊच बोलला. मायच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला, पंक्चर काढायला बसतो तसा. “माय, हे तू मले काहून नाई सांगतलं?”

“तुले कायले सांगू? तूच तं म्हणत फिरे, पाण्यानं गेले, पाण्यानं गेले.”

भावाचं तोंड उतरलं. जे वाक्य तो स्वतःच्या बचावाला वापरत होता, ते त्या माउलीला दर वेळी लागत होतं.

“तुही सोनोग्राफी होऊ दे रे,” माय म्हणाली. “पाणी का रक्त, मले एकडाव नक्की समजू दे.”

भाऊ उठला. टोपी काढली, पुन्हा घातली. मॅडमना म्हणाला, “कुठं हाय जी ते मशीन?”

मशीन तळमजल्यावर होतं. आम्ही सगळे बाहेर बसलो. माय माझा हात धरून होती, मी मिस्टरांचा. मला मनापासून वाटत होतं, त्याच्यात काही निघू नये. आणि खरं सांगायचं तर असंही वाटत होतं, की काही निघालं नाही तर मायचा पुन्हा विहिरीवर संशय जाईल. माणसाच्या मनात एका वेळी किती उलटसुलट मागण्या चालतात.

भाऊ शर्टची बटणं लावत बाहेर आला.

“हायेत,” तो म्हणाला. “वंदीपेक्षा कमी हायेत. डॉक्टर म्हणे चांगल्या टाइमावर आले.”

मायने डोळे मिटले. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “बरं झालं,” आणि लगेच दचकून, “बरं नाई झालं बाप्पा, पण समजलं,” आणि मग भावाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बीपी त्याचं माझ्याहून वर निघालं. गोळी सुरू झाली. किडनी अजून चांगलं काम करते आहे. डोकं धरून बसणं थांबलं. भाचीच्या सोयरिकीचं म्हणाल, तर भावाने बोलणीच्या वेळी स्वतःच सांगून टाकलं. म्हणाला, लपवलं की पाण्यासारखं साचते. त्या लोकांनी विचार करायला वेळ मागितला आणि मग नको कळवलं. घरात दोन दिवस चूल नावालाच पेटली. पुढे दुसरे पाहुणे आले, मूर्तिजापूरचे. मुलाने सरळ विचारलं, “मुलीचं बीपी पाहता का दरवर्षी?” तोच आज आमचा जावई आहे.

पंगत

यंदा जयंतीला गावी गेलो होतो. विहाराच्या अंगणात मांडव घातला होता, एप्रिलचं ऊन कापडातूनही खाली उतरत होतं. वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, बुंदी. मी मायच्या शेजारी बसले. माझा पेला मी घरूनच आणला होता, मोठा, स्टीलचा. पाणी हेच माझं मोठं पथ्य आहे. आम्हाला अंगात कोरड पडू द्यायची नाही, कोरड पडली की त्या पिशव्यांना चेव येतो, असं मॅडम सांगतात. हे माझ्यापुरतं. किडनी फार थकली की उलट पाणी मोजून प्यावं लागतं, म्हणून तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मी आता कशी आहे? बरी आहे. पिशव्या आहेत, जाणार नाहीत. रिपोर्टमधला आकडा जिथे होता जवळपास तिथेच आहे, आणि ह्या आजारात जागच्या जागी राहणं म्हणजे पहिला नंबर. शाळेत पाच तास घेते, मधे बसते. दहावीला कॅल्शियम शिकवताना हाडं आणि दात सांगून झाले की एक जादा ओळ लिहिते : ‘पेशींना निरोप पोचवणे.’ पोरं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला येईल का? मी म्हणते, परीक्षेला नाही येणार, पण लिहून घ्या.

तर पंगत बसली आणि पलीकडून ओळखीची आरोळी आली. भाऊ वाढायला उतरला होता. लोक हसायला लागले. तो भाजीची बादली घेऊन माझ्यापुढे आला, मी पानावर आडवा हात धरला आणि सवयीने डोळेही मिटले, कारण बोटांवर गरम रस्सा पडणार हे ठरलेलं.

“बस्स भाऊ.”

काही पडलं नाही.

डोळे उघडले. पळी हवेत तशीच होती. भाऊ माझ्या हाताकडे बघत होता.

“बस्स म्हणते तं बस्स,” तो म्हणाला आणि पुढे सरकला. ओळीतून कोणीतरी ओरडलं, “देविदासभाऊ, तब्येत बरी हाय ना?”

थोड्या वेळाने तो पुन्हा आला. आता हातात बादली नव्हती, पाण्याचा जग होता. माझा पेला अर्धा होता, तो काठोकाठ भरला. मी अर्धा प्यायले, त्याने पुन्हा भरला.

“बस्स झालं भाऊ, पोट फुटेल.”

“पाण्याले बस्स नाई,” तो म्हणाला.

मग मायचा पेला भरला. ती नको म्हणत होती, तिने वरून हातही धरला होता. तो तिच्या बोटांवरूनच पाणी ओतत राहिला, पेला भरून पत्रावळीखालची माती भिजेपर्यंत.

“पे माय,” तो म्हणाला. “गोडं हाय.”